मामाजींची पाच वर्षं

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

चौदा दिवस राहिले! मामाजींनी सकाळीच गोठ्याच्या भिंतीवर खडूनं चौदा रेघा ओढल्या. रोज एक पुसायची म्हणे. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बजावलं, भिंत कालच सारवलीय, पुसायचं तर फडक्यानं पुसा, थुंकी लावू नका.

घरात लग्न निघावं तशी गडबड आहे. कोजागिरीला मामाजींची पाच वर्षं भरतात. सासरा जेलमधून सुटल्याला पाच वर्षं झाली म्हणून गावजेवण घालायला निघालेलं घर अख्ख्या अमरावती जिल्ह्यात दुसरं नसेल.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मामाजी आणि देवराव, दोघांच्या संत्र्याच्या बागा धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. मामाजींकडे त्यांच्या वडलांची ठासणीची बंदूक, पीक राखायच्या परवान्यावरची. छर्रे तिच्यात कधीच घालत नाहीत. नुसती दारू ठासायची आणि बार काढायचा. बार झाला की वानरं आमच्या झाडांवरून थेट देवरावच्या झाडांवर! देवराव म्हणाला, मुद्दाम माझ्याकडे हाकलतोस. मामाजी म्हणाले, वानरांना सातबारा वाचता येत नाही. बोलता बोलता हातघाईवर आले आणि मामाजींनी काठीनं त्याचा हात मोडला. कोर्टानं एक वर्ष दिलं. अपिलातही तेच कायम राहिलं. पूर्ण वर्ष काढून २०२० च्या कोजागिरीला घरी आले.

आणि कायदा असा की मारहाणीत शिक्षा झाली तर ती भोगून झाल्यावरही पाच वर्षं बंदूक जवळ ठेवायची नाही, परवाना मिळत नाही. किसनराव वकिलांनी हे इतक्यांदा सांगितलंय की आत्याबाई भाकरी थापता थापता म्हणून दाखवतात.

२३ सप्टेंबर

वानरं. दुपारी तीन बार काढले. खांदा दुखतोय. मजा आली!

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज बंदूक पुसताना सगळं आठवत बसले. माझ्याकडे ती आली कशी, हे मला अजून खरं वाटत नाही.

मामाजी आत गेले तेव्हा बंदूक ठाण्यात जमा झाली. ते सुटून आल्यावर प्रश्न आला की आता परवाना कुणाच्या नावानं काढायचा. आधी नितेशचं नाव निघालं. माझा नवरा अंजनगावात कृषी केंद्र चालवतो, फवारणीच्या औषधांची नावं झोपेत सांगेल, पण दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की देवघरात जाऊन बसतो. तो सरळ नाही म्हणाला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी अकोल्याची, फुलवाल्याची पोरगी. हातात कधी गुलेलसुद्धा धरली नव्हती. हो म्हणून टाकलं! अमरावतीला प्रशिक्षण झालं, पोलिसांची चौकशी झाली. साहेबांनी दोनदा विचारलं, नक्की तुम्हीच चालवणार ना? २०२२ च्या मार्चमध्ये परवाना हातात पडला.

शिकवलं मात्र मामाजींनीच. पण कसं! स्वतः दहा पावलं लांब उभे, दोन्ही हात पाठीमागं धरलेले. दारू किती घालायची, चिंधी कशी बसवायची, गजानं किती ठासायचं, बार पेटवणारी टोपी कधी चढवायची — सगळं तोंडानं. बंदुकीला बोट लावलं नाही. पहिल्या बाराला मी मागं कोलमडले तेव्हा धावत आले आणि मला पकडलं. मी घाबरून म्हटलं, मामाजी, तुमचा हात लागला का हिला? तर म्हणाले, "बंदुकीले नाही लागला. तुया कोपराले धरलं म्या. कोपर कायद्यात येत नाही."

वकिलांच्या सांगण्यावरून बंदूक लोखंडी कपाटात आणि किल्ली माझ्या कंबरेला. मामाजी त्या खोलीत पायसुद्धा ठेवत नाहीत. त्यांचा जुना कोट तिथंच खुंटीला आहे, तो तेव्हापासून घातला नाही. थंडीत नितेशचं स्वेटर घालून फिरतात, पोटावर ताणलेलं.

आता खरं लिहिते. इथं तरी लिहायला हवं. मला ती बंदूक परत द्यायची नाही. लग्न करून आले तेव्हा मी "नितेशची बायको" होते. आता आजूबाजूच्या पाच गावांत कुणालाही विचारा, बंदूकवाली रागिणी! हरभरा उपटायला रोही (नीलगाई) आले की लोक मला फोन करतात. दुसऱ्याच्या शेतात जाऊन बार काढायचा नाही, हे मी त्यांना मोठ्या रुबाबात समजावते. ते रुबाबात समजावणंसुद्धा मला आवडतं.

पण बंदूक त्यांच्या बापाची. त्यांनी पाच वर्षं वाट पाहिली. मी कोण नाही म्हणणारी?

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा. मी बंदुकीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मामाजी उंबऱ्याबाहेर उभे. मी म्हटलं, फूल तरी वाहा. त्यांनी बाहेरूनच नेम धरून फेकलं. कपाटावर पडलं. दुसरं फेकलं, ते समईत. आत्याबाई म्हणाल्या, या नेमावर कोर्टानं बंदी घातली तेच बरं केलं.

मामाजी स्वतः सगळ्यात जास्त हसले. नंतर हळूच मला म्हणाले की पुढच्या दसऱ्याला आत येऊन पूजा करीन. मी हो म्हटलं. आणि कंबरेची किल्ली चाचपली.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरी झाली! असा कार्यक्रम आमच्या घरी माझ्या लग्नातही झाला नव्हता. अंगणात तीन पातेली दूध, चारोळ्या, केशर, वरून आत्याबाईंचा हात सढळ. चंद्र वर यायच्या आत दीडशे माणसं जमली. भजनी मंडळही आलं. त्यांना फक्त दूध प्यायचं होतं, पण मामाजींनी आधी तीन भजनं म्हणून घेतली.

आणि देवराव आला! मामाजींनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. तो आला, खाटेवर बसला, तीन पेले दूध प्यायला. चौथा मागितला तेव्हा मामाजींनी भर अंगणात म्हटलं की हात बरा दिसतोय, पेला चांगला उचलतोस. देवरावनं पेला खाली ठेवला. मग देवराव हसला. तो हसला म्हणून सगळे हसले.

मामाजींनी भाषण केलं. भाषण म्हणजे दोन वाक्यं. पाच वर्षं म्या कोणाले बोटही लावलं नाही, परवा सरकारले सांगाले जातो की आता मले माही वस्तू दे. टाळ्या. नितेशच्या डोळ्यांत पाणी. मीही टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात मीच.

८ ऑक्टोबर, बुधवार

मेले हसून! आणि लाजूनही.

मी आणि मामाजी सकाळच्या एसटीनं अमरावतीला कलेक्टर ऑफिसात. मामाजींचा पांढरा सदरा, टोपी, पिशवीत सगळे कागद, शिवाय कारकुनासाठी पेढे. कारकून बाई भल्या होत्या. एकेक कागद पाहिला. जेलच्या सुटकेच्या दाखल्यावर थांबल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग पुन्हा दाखल्याकडे.

"काका, यावर तीस ऑक्टोबर आहे. आज आठ."

मामाजी म्हणाले, "मॅडम, मी कोजागिरीले सुटलो. परवा कोजागिरी झाली. पाच झाल्या मोजून."

त्या वर्षी अधिक अश्विन होता! सगळे सण महिनाभर पुढे ढकललेले, कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीला आली होती. यंदा ती सहा तारखेलाच. आमच्या घरात पाच वर्षं सगळे तिथी मोजत बसले आणि एकालाही दाखला उलगडून बघावंसं वाटलं नाही. मी बी. ए. झालेली! नितेश तर रोज दुकानात तारीख घालून बिलं फाडतो!

मामाजींनी बाजू लढवून पाहिली. कोजागिरी म्हणजे कोजागिरीच ना, चंद्र तर तोच होता. बाई म्हणाल्या की कायदा तारखेनं चालतो, तीसनंतर या. पेढे मात्र घेतले.

परतीच्या गाडीत मामाजी अचलपूरपर्यंत दाखला उलगडून पुन्हा पुन्हा वाचत बसले. मला वाटलं आता रडतील. स्टँडवर गाडी थांबली, त्यांनी दोन चहा घेतले, एक मला दिला, आणि एकदम हसायला लागले. चहा सांडेपर्यंत. दीडशे लोकांले दूध पाजलं व, चोवीस दिवस आधी! मग मलाही आवरेना. शेजारच्या बाईनं पोराला जवळ ओढून घेतलं.

पण एक गोष्ट लिहायला हवी. बाईंनी "तीसनंतर या" म्हटलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? अजून बावीस दिवस माझी! सासऱ्याचं तोंड पडलेलं आणि मी आतल्या आत खूश. नालायक आहेस रागिणी.

१० ऑक्टोबर

गावभर झालं. नितेशनंच दुकानात सांगितलं, त्याच्या पोटात काही राहत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

देवरावला नवा धंदा मिळालाय. रोज धुऱ्यावर येतो आणि ओरडून विचारतो, "खुशालराव, आज कोनती तिथी हाय?" मामाजी शांतपणे खरी तिथी सांगतात. परवा तर नक्षत्रही सांगितलं.

मला राग येतो. त्यांना येत नाही. मी विचारलं, तुमचा राग गेला कुठं? म्हणाले की पहिलं वर्ष दात आवळून काढलं, दुसऱ्या वर्षी दात दुखायला लागले, तिसऱ्या वर्षापासून सोडून दिलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, अकोला

माहेरी. सागरला ओवाळलं. सागर माझा धाकटा भाऊ. त्यानं साडी दिली आणि त्याच्या सगळ्या मित्रांना फोन लावून दिला — बोल बंदूकवाल्या ताईशी. बोलले! शेवटचा आठवडा आहे, बोलून घेते.

आईनं विचारलं की बंदूक परत करताना वाईट वाटेल का. छे म्हटलं. आई फुलं ओवत होती, वर न बघता म्हणाली की तुझं तोंड मला दिसतं आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज भरली. तारखेनं!

या वेळी कुणाला बोलावलं नाही. आत्याबाईंनी शिरा केला, आम्ही चौघांनीच खाल्ला. मामाजींनी दाखला समोर ठेवला, नितेशच्या फोनमधली तारीख पाहिली, कृषी केंद्राच्या कॅलेंडरवरची पाहिली, मग घास घेतला.

संध्याकाळी बागेत पाणी फिरवताना मला म्हणाले की सोमवारी अमरावतीला जाऊ. त्यांना परवाना मिळाला की बंदूक माझ्याकडून त्यांच्या नावावर करायची. मी म्हटलं, हो, लागतील तिथं सह्या करते.

पुढच्या झाडाकडे पाणी वळवून म्हणाले, "तुले काही म्हनाचं हाय काय?"

"नाही मामाजी."

"मंग आवाज काहून असा येऊन राहिला?"

मी सर्दी सांगितली. ऑक्टोबरच्या उन्हात सर्दी!

१ नोव्हेंबर, शनिवार

काय करून बसले मी.

संत्री निवडत होतो. आंबिया बहार, हिवाळ्याच्या तोंडाची फळं, उतरवलाय, धुऱ्याजवळ ढीग, मोठी फळं एका कॅरेटमध्ये, बारकी दुसऱ्यात. मामाजी समोर, मी इकडे, हातात एक चांगलं घसघशीत फळ. देवराव आला. आज तिथी विचारली नाही. म्हणाला, "खुशालराव, जेलात पंचांग भेटत नव्हतं वाट्टे? का तुमी तिथं कोजागिरीच साजरी करून राहिले होते वर्सभर?"

मामाजी हसले. खरंच हसले, आणि खाली वाकून फळ उचलायला लागले. ते वाकलेले मला बघवले नाहीत. हातातलं संत्रं गेलं. मी फेकलं असं म्हणायला हवं, पण मला आठवतं ते एवढंच की हात रिकामा होता आणि देवरावचा चष्मा दोन तुकड्यांत खाली पडलेला होता. भुवईवर खोक. रक्त आलं.

नेम मात्र मामाजींपेक्षा चांगला. हे लिहायला नको, पण खरं आहे.

मीच धावले, ओढणीनं रक्त पुसलं. मामाजींनी त्याला गाडीवर बसवून डॉक्टरकडे नेलं. दोन टाके. देवराव जाताना माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला की मारलं तर खुशालराव मारतील असं वाटलं होतं, तू काहून मारलं व?



३ नोव्हेंबर, सोमवार

अमरावतीला गेलो नाही. ठाण्यातून बोलावणं आलं.

देवरावनं तक्रार केली नव्हती. पण दवाखान्यातून कळलं असेल नाहीतर गावातून. निवडणुकीचे दिवस आहेत, जिथं जुनं वैर आहे अशा घरांना बोलावून घेताहेत. आमचं आणि देवरावचं नाव तर त्यांच्या दप्तरात आधीपासून. आता तहसीलदारांपुढे उभं राहायचं आहे, मी आणि देवराव दोघांनीही.

नितेशनं नवा चष्मा आणून दिला देवरावला, जरा महागातला. आत्याबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण ताटात तूप नेहमीपेक्षा जास्त वाढतात.

मामाजींना तोंड कसं दाखवू असं झालं होतं. ते स्वतःच आले, माझ्यासमोर खाटेवर बसले. "चष्माच मोडला, हात नाही. घरात सुधारना हाय." मी रडत होते तरी हसू आलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तहसील कार्यालय. मी आणि देवराव एकाच बाकावर. तो नव्या चष्म्यातून भिंतीवरच्या पाट्या वाचत होता, लांबचं स्वच्छ दिसतं म्हणाला. साहेबांनी मला विचारलं, फळ मारलं का? मारलं म्हटलं. देवरावला विचारलं, डिवचलं का? तो म्हणाला, थोडं. दोघांकडून वर्षभर शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेतलं. सही केली, बाहेर आलो, तिघांनी चहा घेतला. मामाजींनी दिला.

मला वाटलं, सुटले!

१२ नोव्हेंबर, बुधवार

किसनराव वकिलांचा फोन. बंधपत्राचं त्यांना आजच कळलं. आधी का नाही विचारलं म्हणून रागावले. मग हळू आवाजात सांगितलं की शिक्षा झालेल्याला पाच वर्षं बंदूक ठेवता येत नाही, तसंच ज्याच्याकडून शांततेचं बंधपत्र घेतलंय त्यालाही त्या मुदतीत ठेवता येत नाही. त्याच कलमात आहे, खालच्या ओळीत.

एक वर्ष. माझी बंदूक.

मी हसायला लागले. नितेश घाबरला. पाच वर्षं मी या माणसाच्या रागाची चेष्टा केली — मामाजी, शांत! मामाजी, हात मागं! आता ते मोकळे आणि मी अडकलेली! मग हसू कधी थांबलं आणि दुसरं काय सुरू झालं ते कळलं नाही. आत्याबाईंनी जवळ घेतलं. दहा दिवसांनी बोलल्या. म्हणाल्या, तुयात आमच्या घरचं रक्त नाही, तरी हा राग तुले कसा लागला व?

दुपारी ठाण्यात जमा करून आले. नितेश सोबत होता. हवालदारानं पावती लिहिली, बंदुकीचा नंबर दोनदा तपासला. मी तिच्या दस्त्यावरून हात फिरवला. तेल लावलेलं होतं, कालच लावलं होतं. किल्ली कंबरेला तशीच राहिली. कपाट रिकामं आहे, पण काढवत नाही.

झालं ते बरंच झालं म्हणते. त्यांना मागायला संकोच वाटत होता, मला द्यायला जिवावर येत होतं. आता कुणाला काही बोलावंच लागणार नाही. बंदूक त्यांची होती, त्यांच्याकडे जाईल. वर्षभरानं मी परत मागायची तरी कोणत्या तोंडानं?

१४ नोव्हेंबर

वानरं आली. डबा वाजवला. देवरावही त्याच्या बागेत डबा वाजवत होता. वानरं धुऱ्यावर बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. मामाजी पोट धरून हसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मामाजी एकटेच अमरावतीला जाऊन अर्ज देऊन आले. मला सोबत नेलं नाही. आल्यावर पोचपावती दाखवली, अर्जाची झेरॉक्स माझ्या हातात दिली आणि पाय धुवायला निघून गेले.

शस्त्र कशासाठी पाहिजे, या रकान्यात कारकून बाईंनी सांगितलं तसं "पीक संरक्षण" लिहिलंय. त्याच्या खाली जागा नव्हती तरी दाटीवाटीनं, त्यांच्या वाकड्या अक्षरात, आणखी एक ओळ आहे —

"बंदूक सुनेची आहे. तिचं वर्ष भरेपर्यंत सांभाळायले पाहिजे."